अंगठा फिरल्यानंतर

"पुरे गं. हात आहे तो, कणीक नाही."

मिस्त्रींचं हे पुटपुटणं रोजचंच होतं. सकाळी साडेनऊला ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसत, उजवा हात सुनेच्या मांडीवर पसरलेल्या टॉवेलवर ठेवत आणि तोंड खिडकीकडे फिरवत. हात दुसऱ्याच कुणाचा आहे आणि आपण नुसते सोबतीला आलो आहोत, असा त्यांचा चेहरा असे. वहिनी डबीतलं मलम दोन बोटांवर घेई आणि त्यांच्या सुजलेल्या सांध्यांवर एकेक करून चोळत जाई. करंगळीपासून सुरुवात, शेवटी अंगठा. अंगठ्याला जरा जास्तच, कारण तोच जास्त दुखे.

"सगळ्या वर्कशॉपला माझा वास येतो," मिस्त्री म्हणाले. "काल पोस्टमन विचारत होता, औषधाचं दुकान काढलंत का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, सुनेनं काढलंय. गिऱ्हाईक एकच आहे, पण रोजचं आहे."

वहिनी हसली. मलम मुरेपर्यंत अर्धा तास हात टॉवेलात गुंडाळून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मिस्त्री पाच मिनिटं बसत. खाली वर्कशॉपचं शटर वर गेल्याचा आवाज आला की त्यांना धीर निघत नसे.

घर वर, वर्कशॉप खाली. वहिनी हे तिचं घरातलं नातं, पण वर्कशॉपमध्ये येणारा ड्रायव्हर असो नाहीतर कारखान्याचा इंजिनिअर, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असला तरी तोही तिला वहिनीच म्हणे. एकटे मिस्त्री तिला फूटपट्टी म्हणत. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरातल्या फळ्या टेपनं मोजल्या होत्या, डबे आणायच्या आधी. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी मात्र तिला खाली नेलं आणि तिच्या हातात पातळ पोलादी पानांचा एक जुडगा दिला. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली, पहिलं पान केसाएवढं. "ही फट मोजायची पानं. तुझ्याच कामाची आहेत," म्हणाले. त्याला आता बावीस वर्षं झाली. शाळेत गणितात जेमतेम पास झालेली बाई आता पान आत सरकवलं की डोळे मिटून फट सांगे.

वर्कशॉपमध्ये विजेवर चालणारे ब्रेक आणि क्लच दुरुस्तीला येत. कारखान्यात माल वर चढवणारं हॉइस्ट मधेच थांबलं, की त्याला जागच्या जागी धरून ठेवतो तो हा ब्रेक. जेवणाच्या ताटाएवढा लोखंडी डबा. आत एक तबकडी, तिच्यावर घर्षणाचा पट्टा, मागे आठ स्प्रिंगा आणि त्यांच्यामागे तांब्याच्या तारेची कॉइल. वीज आली की कॉइल स्प्रिंगांना मागे खेचते आणि चाक मोकळं होतं. वीज गेली की स्प्रिंगा तबकडीला आवळून धरतात. मिस्त्री नव्या गिऱ्हाइकाला समजावताना म्हणत, "माणूस अंधारात हात सोडतो. हा अंधारात हात धरतो. म्हणून ह्याच्या भरवशावर खाली उभं राहायचं."

कामं वाटलेली होती. वहिनीचा नवरा, घरातला थोरला, कॉइल गुंडाळी. तिचा दीर, धाकटा, नवे पट्टे बसवी. मग ब्रेक वहिनीच्या टेबलावर येई. नवा पट्टा लोखंडावर दोनशे वेळा घासून बसवायचा, त्याला ते घोटाई म्हणत. त्याशिवाय पट्ट्याला पकड येत नाही. मग फट मोजायची, मग लांब दांडा लावून काट्यावर जोर बघायचा. किती जोर लावल्यावर ब्रेक घसरतो तो आकडा, तोच त्याचा टॉर्क. सगळं कार्डावर लिहायचं. घोटाई दोनशे, फट अमुक, टॉर्क तमुक.

आणि कार्डाच्या शेवटच्या ओळीवर छापलेलं असे: अंगठा.

फार वर्षांपूर्वी, मिस्त्री तरुण असताना, एका ब्रेकच्या आत लोखंडाची एक कपची राहून गेली होती, पापणीच्या केसाएवढी. मोजमापात ती सापडली नाही. गिऱ्हाइकाकडून ब्रेक परत आला तेव्हा मिस्त्रींनी तबकडीवरून अंगठा फिरवला आणि कपची अंगठ्यात रुतली. तेव्हापासून ह्या दारातून एकही ब्रेक त्यांच्या अंगठ्याशिवाय बाहेर गेला नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या की ते तबकडीवरून अंगठ्याचा एक पूर्ण फेरा मारत, डोळे बारीक करून, श्वास रोखून. मग कार्डावर खूण आणि झाकण. झाकण लागलं की पुन्हा कुणी उघडायचं नाही, हा घरचा कायदा होता. गिऱ्हाइकं फोनवर विचारत, "मिस्त्रींचा अंगठा फिरलाय ना? मग गाडी पाठवतो."

आता दीड वर्षापासून सांधे सुजले होते. पाना धरवत नव्हता, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलावा लागे. एकेक करून सगळी कामं हातातून गेली आणि अंगठा राहिला. रोज दहा वाजता मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरत. आठवड्याला एक, फार तर दोन फेरे. उरलेले दिवस ते पुढच्या फेऱ्याची वाट बघण्यात काढत, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पेपर वाचत.

त्या दिवशी साडेदहाला दारात एक व्हॅन थांबली. मागच्या दारातून दोन माणसांनी ब्रेक उतरवला आणि टेबलावर ठेवून ती मागे सरली. पुढच्या दारातून एक बाई उतरली. पस्तिशीची असेल. कारखान्याचा निळा कोट, एका पायात बूट, दुसऱ्या पायात कुणाची तरी मोठी स्लिपर. हातात पिशवी.

"तुम्ही दुरुस्त केला होता," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता, रस्ता विचारावा तसा. "वीस दिवस झाले."

"काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"मी हॉइस्ट चालवते. फरशांच्या कारखान्यात. वर माल होता, सव्वा टन. मी बटण सोडलं, तो थांबला. नेहमीसारखाच थांबला. माझा हातमोजा खाली पडला होता म्हणून मी आत वाकले." ती थांबली. "आवाज नाही झाला हो. एवढं मोठं काही पडतं तेव्हा आवाज व्हायला हवा ना? तो नुसता खाली आला."

तिनं पिशवीतून दुसरा बूट काढला आणि वहिनीच्या टेबलावर ठेवला, पानांच्या जुडग्याशेजारी. बूट टाचेकडून बुटासारखा होता. पुढे तो चामड्याची पट्टी झाला होता.

"लेस सैल होती, म्हणून पाय निघाला. आमचा सुपरवायझर रोज ओरडतो लेसवरून. आज काही बोलला नाही."

कंप्रेसर चालू होता तो धाकट्यानं जाऊन बंद केला, का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं. वहिनीच्या हातात जाडी मोजायचं व्हर्नियर होतं. तिनं ते उघडलं, बुटाच्या पुढच्या भागाला लावलं आणि आकडा वाचला. नऊ मिलिमीटर. आपण हे काय करतोय ते तिला आकडा वाचल्यावर कळलं. तिनं व्हर्नियर खाली ठेवलं, तर ते टेबलाच्या कडेवर ठेवलं गेलं आणि पडलं. बावीस वर्षांत तिच्या हातून ते कधी पडलं नव्हतं.

"मला घरी जा म्हणाले," हॉइस्टवाली म्हणाली. "घरी जाऊन काय करू? डोळे मिटले की तो खाली येतो. तुम्ही कारण सांगा. कारण कळल्याशिवाय मी त्याच्याखाली परत उभी राहणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला राहू देणार नाही."

मिस्त्री खुर्चीतून उठले होते. बुटाकडे बघून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, पण आवाज शाबूत होता. "बसा ताई," ते म्हणाले. स्वतःची खुर्ची त्यांनी तिला दिली आणि आपण खोक्यावर बसले. दोन्ही हातांनी धरून तिला पाण्याचा पेला आणून दिला. "आता मला सांगा. पहिले काही दिवस कसा होता?"

"चांगला होता."

"मग?"

"मग दुपारी दुपारी वीतभर खाली यायला लागला. सकाळी नाही. सकाळी घट्ट धरायचा. मी दोनदा सांगितलं, पण सकाळी येऊन बघायचे सगळे. आज पहाटेपासून सलग काम होतं, सकाळीच तापला."

"गार असताना धरतो, तापला की सोडतो," मिस्त्री स्वतःशी म्हणाले. "फूटपट्टी, उघड तो. काहीही पुसू नका, जसं आहे तसं बघा."

मागच्या टेबलावर, कपाटाआड, वहिनीनं आधी दांडा लावला. वीस दिवसांपूर्वीच्या कार्डावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, नव्वद. आता काटा बावन्नवर आला आणि ब्रेक गपकन घसरला. तिनं पुन्हा बघितलं. एकावन्न.

तिनं झाकण उघडलं. फट मोजली, कार्डावर होती तेवढीच. स्प्रिंगा काढून ओळीनं उभ्या केल्या, आठही एका उंचीच्या. थोरल्यानं कॉइल तपासली, मान हलवली, ठीक. पट्ट्याची जाडी तिनं चार ठिकाणी मोजली, झीज नावालाच. सगळं जिथल्या तिथे होतं आणि नव्वदाचे बावन्न झाले होते. घरातली सगळी माणसं हजर असावीत आणि तरी चोरी व्हावी, तसं.

मग तिनं तबकडी उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली.

पट्ट्यावर एक कडं होतं. बाकीचा पट्टा मातट, कोरडा, आणि त्यावर गोल फिरलेलं काळसर, चकचकीत कडं, बोटभर रुंद. एका जागी ते जरा जास्त पसरलं होतं, जिथून सुरुवात झाली असावी तिथे. उन्हाळ्यातल्या रस्त्यावरच्या डांबरासारखं ते तापून पातळ झालं होतं आणि आजूबाजूला मुरलं होतं.

तिनं तबकडी नाकाशी नेली. जळकट वास, आणि जळकट वासाखाली कापूर.

तिला वाटलं, हा आपल्याच बोटांचा वास. तासाभरापूर्वीच तर मलम लावलं. तिनं तबकडी खाली ठेवली, बेसिनवर गेली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. हात हुंगून बघितले, नुसता साबण. मग परत येऊन तबकडी हुंगली.

कापूर.

ती तशीच उभी राहिली. तिला दिसलं ते एवढंच: मांडीवरचा टॉवेल, करंगळीपासून सुरुवात, शेवटी अंगठा. अंगठ्याला जरा जास्तच.

"वहिनी, हळू," धाकटा शेजारून म्हणाला.

ती काहीच बोलली नव्हती. त्यावरूनच तिला कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

धाकट्यानं कपाटाआडून पुढे बघितलं. मिस्त्री हॉइस्टवालीला काहीतरी विचारत होते. "मी पुसतो ना," तो कुजबुजला. "बाबांचा अंगठा झाला की ते कार्डावर खूण करायला वळतात. तेवढ्यात मी फडका मारतो. दर वेळी मारतो. ह्याच्या वेळी ते वळलेच नाहीत. पेन धरवत नव्हतं, म्हणाले खूण तूच कर. आणि झाकण स्वतः ठेवलं."

"कधीपासून पुसतोस?"

"तीन महिने. तो लेबल मशीनचा क्लच घसरतो म्हणून परत आला होता ना, त्याच्यानंतर."

"तो व्होल्टेजमुळे घसरतो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"आणि फडक्यानं तेल निघतं पट्ट्यावरून? पाव आहे तो पट्टा, पितो तेल. पुसलंस म्हणजे पसरवलंस."

पट्टे बसवणारा तोच होता, हे तिनं त्याला सांगायची गरज नव्हती.

थोरला येऊन उभा राहिला. त्यानं तबकडीकडे बघितलं, आणि बघितल्यावर त्याला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. वहिनीला तबकडीपेक्षा त्याचा धक्का जास्त बसला.

"तुम्हीसुद्धा," ती म्हणाली.

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. "मलम तू लावतेस."

बावीस वर्षं ती केसाच्या जाडीचा हिशोब लावत होती. रोज साडेनऊला एका हातावर तेल चोळायचं आणि खाली तोच हात कोरडी राहायलाच हवी अशा तबकडीवरून फिरताना बघायचं, ह्या दोन गोष्टी तिनं कधी एकमेकींशेजारी ठेवून मोजल्या नव्हत्या. वरचं घर वेगळं, खालचं वर्कशॉप वेगळं. मधे अठरा पायऱ्या होत्या, त्या तिनं मोजलेल्या होत्या.

"बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? बाबा, आता हेही सोडा?" थोरला म्हणाला. "ते सकाळी शर्टाला इस्त्री का करतात, माहीत आहे ना तुला? तू बोलली असतीस?"

ती कपाटाकडे वळली आणि कार्डांचा गठ्ठा काढला. मलमाची पहिली डबी आणली तो दिवस तिला आठवत होता, त्या दिवशी धाकट्याचा वाढदिवस होता. तिथपासून तिनं कार्डं पुढे काढली. चौदा. चौदांच्याही शेवटच्या ओळीत खूण. बाटल्या भरण्याच्या यंत्राचा क्लच. धान्याच्या गोदामाचं हॉइस्ट. लाकूड कापायच्या करवतीचा ब्रेक. आणि एक इस्पितळातल्या धुलाईघराच्या लिफ्टचा. चादरींच्या गाठोड्यांबरोबर तिथल्या बायकाही त्याच लिफ्टनं वर जातात, हे त्या बायकांनीच तिला हसत हसत सांगितलं होतं, बसायला गादी मिळते म्हणून.

"ह्यातले किती पुसलेस?"

"बरेच," धाकटा म्हणाला.

"किती?"

"मोजले नाहीत, वहिनी."

पुढून मिस्त्रींचा खोकला ऐकू आला, मग खोकं सरकल्याचा आवाज. ते उठले होते. धाकट्यानं एकदा पुढे बघितलं, एकदा तबकडीकडे, आणि वहिनीचा हात पुढे व्हायच्या आत तबकडी थिनरच्या ट्रेमध्ये बुडवून ब्रशनं घासून काढली. "अरे," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तो कापडानं तबकडी कोरडी करत असतानाच मिस्त्री कपाटापाशी आले. त्यांच्यामागून हॉइस्टवालीही आली, एका पायात बूट, दुसऱ्या पायानं स्लिपर फरफटत.

"काय निघालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्होल्टेज," धाकटा म्हणाला. "त्यांच्याकडे वीज कमी दाबानं येते, बाबा. म्हणून पकड गेली."

मिस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो दुसरीत असताना पाढा चुकला होता तेव्हाही तसं बघितलं नसेल. "हा वीज गेल्यावर धरतो. वीज कमी झाली म्हणून धरायचं कसं सोडेल?"

"म्हणजे, पूर्ण उचलला जात नसेल. घासत राहिला असेल. घासून तापला..."

"मग पट्टा झिजला असता. झिजलाय?"

"नाही," वहिनी म्हणाली. प्रश्न मोजमापाचा होता आणि उत्तर तिच्या तोंडातून आपोआप आलं.

"स्प्रिंगा?"

"आठही ठीक आहेत."

"फट वाढली असेल," थोरला म्हणाला.

"फूटपट्टी?"

"वाढलेली नाही."

मिस्त्रींनी तबकडी हातात घेतली, दोन्ही तळव्यांत धरून. हुंगली. "हे कुणी धुतलं?"

धाकट्यानं हातातलं कापड पाठीमागे नेलं.

"मी म्हणालो होतो, पुसू नका. थिनरचा वास येतोय. ज्यानं धुतलं त्याला धुण्यासारखं काहीतरी दिसलं असणार." ते रागावले नव्हते. ते कामात होते. दीड वर्षात प्रथमच त्यांच्या पाठीचा बाक गेल्यासारखा दिसत होता. "पट्टा सकाळी गार असताना धरतो, दुपारी तापला की सोडतो. म्हणजे त्यावर असं काहीतरी आहे जे उष्णतेनं पातळ होतं. तेल नाहीतर ग्रीस. बरोबर?"

"त्यांच्या गिअरबॉक्समधून गळलं असेल," धाकटा म्हणाला.

"आमची गिअरबॉक्स गळत नाही," हॉइस्टवाली म्हणाली. "खाली मी रोज झाडते. थेंब असता तर दिसला असता."

"आणि बाहेरून आलं असतं तर झाकणाच्या आत, कडेनं ओघळ दिसला असता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी झाकण उलटं करून बघितलं. "झाकण कोरडं आहे. म्हणजे झाकण लागायच्या आधीच होतं."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनीला वाटलं, हे थांबायला हवं. म्हातारा माणूस एकेक दार बंद करत स्वतःच्याच दिशेनं चालत निघाला होता, भराभर, मजेत, आपल्या बुद्धीवर खूश होऊन.

थोरल्यानं घसा खाकरला. "घोटाई कमी झाली असेल," तो म्हणाला. त्यानं वहिनीकडे बघितलं नाही. "हिच्याकडून. त्या आठवड्यात घाई होती. नवा पट्टा नीट घोटला नाही की दुपारी सोडतो कधीकधी."

वहिनीला राग यायला हवा होता, आणि येत होता, पण त्याच्या खालोखाल एक मोठी सुटका दिसत होती. हो म्हणायचं. एक शब्द. बाबा चार शिव्या घालतील, संध्याकाळपर्यंत विसरतील. उद्या सकाळी टॉवेल, करंगळी, अंगठा. मलमाऐवजी काहीतरी कोरडं औषध शोधता येईल. धाकट्याला नीट पुसायला शिकवता येईल. नवरा खाली बघत होता, दीर तिच्याकडे बघत होता, आणि दोघांचीही मान नकळत होकारार्थी हलत होती.

हॉइस्टवालीही तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कारण मिळालं म्हणून तिचे खांदे जरासे सैल झाले होते. ती म्हणाली, "म्हणजे आता नीट घोटला की झालं? मी उभी राहू शकते खाली?"

"थांबा ताई," मिस्त्री म्हणाले. "फूटपट्टी, घोटाई कमी केलीस?"

टेबलावर तो बूट होता. नऊ मिलिमीटर. त्याच्या पलीकडे चौदा कार्डं, सगळ्यात वर धुलाईघराचं.

"नाही, बाबा," वहिनी म्हणाली. "दोनशे पूर्ण केली."

"ते मला माहीतच आहे," मिस्त्री थोरल्याकडे बघून म्हणाले. "ही पायऱ्या मोजत जिना चढते. घोटाई कमी करेल? आण ते कार्ड." त्यांनी कार्ड टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठा वरच्या ओळीवर टेकवून खाली आणायला सुरुवात केली. "घोटाई दोनशे. फट ठीक. टॉर्क नव्वद. हा आकडा कुणासमोर घेतलास?"

"तुमच्यासमोर."

"बरोबर. मी इथे उभा होतो. म्हणजे टेबलावर असताना ह्याच्यात नव्वद होते. झाकण लागून बाहेर गेला आणि घसरायला लागला. बिघाड ह्या दोहोंच्या मधला." अंगठा टॉर्कच्या ओळीखाली आला आणि थांबला. कार्डाची एकच ओळ उरली होती. "मधे काय केलं आपण?"

त्यांनी ओळ वाचायला अंगठा उचलला. जिथे जिथे तो टेकला होता, तिथे तिथे कागद पारदर्शक झाला होता. वरपासून खालपर्यंत एक ओशट पट्टा, आणि त्यातून खालच्या टेबलाच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या.

धाकट्यानं तोंड फिरवलं. थोरल्यानं एक हात पुढे केला, कार्ड उचलायला असावा, आणि तो तसाच हवेत राहिला. हॉइस्टवालीनं कागदाकडे बघितलं, मग मिस्त्रींच्या हाताकडे, आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बराच वेळ ते कार्डाकडे बघत राहिले. त्यांना काय दिसलं आणि काय नाही, ते कुणाला कळलं नाही.

"मधे काय झालं, फूटपट्टी?" त्यांनी पुन्हा विचारलं. ह्या वेळी आवाज अगदी हळू होता.

वहिनीनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, सकाळी घेते तसाच.

"मधे तुमचा अंगठा फिरला, बाबा," ती म्हणाली. "आणि त्याला तेल मी लावलं होतं."